दहापैकी दहा

सकाळी सात वाजायला दहा मिनिटे असताना शेडचे लोखंडी दार सरकत असे. आधी हातभर फट पडे, त्या फटीतून मास्तर आत येत आणि मग दार पुरते उघडत. भिंतीवरच्या खिळ्याला ते कोट अडकवत, मनगटावरचे घड्याळ खिशात टाकत आणि बाकावर बसून पायांतले जाड बूट उतरवून पातळ तळव्यांचे जुने बूट चढवत. जाड तळव्याला क्लच कुठे धरतो ते कळत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मग हवेचा दाब मोजायचे छोटे यंत्र घेऊन ते माझ्या चारही चाकांपाशी एकेकदा उकिडवे बसत. चाके थंड असतानाच हवा मोजायची. धावून तापलेले चाक खोटे बोलते. चार आकडे वहीत उतरले की ते माझ्यात येऊन बसत, पण इंजिन लगेच सुरू करीत नसत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवून पाहत. मग स्वतःशीच म्हणत, "चला."

मित्रांनो, मी एक जुनी चाचणी-गाडी आहे. तुम्ही रस्त्यावर पाहता त्या गाड्या कारखान्यात हजारांनी निघतात. पण त्यांच्या आधी माझ्यासारख्या मोजक्या गाड्या हातांनी जुळवल्या जातात. आम्हाला चालवून पाहायचे, आमच्यातल्या चुका काढायच्या आणि त्या दुरुस्त झाल्या की आमच्याबरहुकूम बाकीच्या बनवायच्या, अशी पद्धत असते. आम्हाला नाव नसते. माझ्या दारावर पांढऱ्या रंगाने सातचा आकडा काढलेला होता, म्हणून सगळे मला सात नंबर म्हणत. मास्तर हे कारखान्याचे मुख्य चाचणी-चालक. निम्म्या इंजिनिअरांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवली होती, म्हणून ते मास्तर.

मला जन्माला घालायचे कारणही ऐका. गाडी चालवण्याची मनापासून आवड असणारे लोक कित्येक वर्षे कंपनीला पत्रे लिहीत होते. गाड्या उशीसारख्या मऊ झाल्या आहेत, त्यांत बसले की आपण चालवतो आहोत की कोणी आपल्याला उचलून नेते आहे हे समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना लहान, हलकी, हाताने गिअर टाकायची गाडी हवी होती. शेवटी प्रकल्पप्रमुखांनी ठरवले, एक गाडी करून पाहू आणि या शौकिनांनाच विचारू.

माझ्या गिअरची दांडी एका फिटरने चौदा वेळा बदलली. मास्तर सकाळच्या फेरीनंतर वहीत लिहीत, "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडते." फिटर ती ओळ वाचे, डोके खाजवी आणि म्हणे, "मास्तर, तुमच्या हाताला सुईच्या टोकाएवढं खुपतं हो."

"मला खुपतं तेच गिऱ्हाइकाला उद्या टोचणार."

"गिऱ्हाईक परवडलं. ते निदान रोज सकाळी सातला तरी येत नाही."

पण संध्याकाळपर्यंत नवा भाग घासूनपुसून बाकावर तयार असे. असे करत करत ती दांडी कुलपात किल्ली बसावी तशी प्रत्येक गिअरात बसू लागली. स्टिअरिंगचेही तेच. रस्त्यावर बारीक खडी असली, तर ती चालवणाऱ्याच्या तळहाताला कळावी, इतके ते बोलके झाले. दोन वर्षे हे चालले. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ते हातांनी खरे करून दाखवायचे, यालाच ऐकणे म्हणतात अशी तेव्हा माझी समजूत झाली. ती पुढे फार महागात पडली.

मग तो पन्नास जणांचा दिवस उजाडला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी पन्नास जणांना कंपनीने ट्रॅकवर बोलावले होते. त्यांत एक दंतवैद्य बाई होत्या, एक बेकरीवाला होता, आणि एक सासरे आपल्या जावयाला घेऊन आले होते. प्रत्येकाला मला घेऊन दहा मिनिटे फिरायचे होते. मास्तर शेजारी बसत आणि काही बोलत नसत. जावई तीन फेऱ्या झाल्या तरी उतरेना, तेव्हा सासरे खिडकीशी येऊन म्हणाले, "जावईबापू, उतरा आता. माझी पाळी."

"बाबा, एकच फेरी."

"आमची मुलगी मागायला आलात, तेव्हाही एवढी गयावया केली नव्हती तुम्ही."

दंतवैद्य बाईंनी पहिल्या वळणावर गिअर उतरवला, दुसऱ्यावर हसल्या आणि तिसऱ्यानंतर गप्प झाल्या. उतरल्यावरही त्यांचा हात थोडा वेळ माझ्या दारावरच होता.

सगळ्यांच्या फेऱ्या संपल्यावर प्रत्येकाला एक छापील कागद भरायचा होता. टेबल एकच होते, म्हणून बहुतेकांनी माझ्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिले. पुढच्या बाजूला अकरा ओळी होत्या: गिअर, स्टिअरिंग, ब्रेक, सीट, समोरचा पडदा, पेला ठेवायची जागा असे काही. प्रत्येक ओळीपुढे समाधानाचे दहापैकी गुण द्यायचे. गिअरला दहा, स्टिअरिंगला दहा, पुन्हा दहा, पुन्हा दहा. पडद्याशी आल्यावर बाईंनी मास्तरांना विचारले, "पडदा होता का हो हिला? माझं लक्षच गेलं नाही."

"आहे लहानसा. नकाशाबिकाशा दिसतो त्यात."

"असेल." असे म्हणून त्यांनी तीन लिहिले. बाकीच्यांनीही तीन, चार, असेच काहीतरी लिहून ती ओळ ओलांडली.

पण मित्रांनो, अकरा ओळींत त्यांचे मन मावेना. एकामागून एक सर्वांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती आणि तिथे ते इतके दाबून लिहीत होते की पेनाचे टोक मला पत्र्यावर जाणवत होते. बाईंनी लिहिले, "मी दिवसभर लोकांच्या तोंडात पाहते. आज दहा मिनिटे मी हातांनी विचार केला. हे स्टिअरिंग बदलू नका. पडदा काढून टाकलात तरी चालेल." बेकरीवाल्याने लिहिले, "किंमत थोडी चढली तरी चालेल, पण गिअर हाताचाच ठेवा. मी या गाडीसाठी थांबायला तयार आहे." सासऱ्यांनी आणि जावयाने मिळून एकाच कागदाची मागची बाजू भरली आणि जागा पुरली नाही म्हणून कडेने आडवे लिहिले. त्या संध्याकाळी मला पुसताना फिटर म्हणाला, "सात नंबर, पहिली आलीस की गं." मला ते खरे वाटले. कौतुकासारखी भूल नाही.

तीन आठवड्यांनी प्रकल्पप्रमुख अहवाल घेऊन शेडमध्ये आले. एके काळी ते उमेदवार इंजिनिअर म्हणून मास्तरांच्या हाताखाली क्लच सोडायला शिकले होते. आता मास्तर त्यांना साहेब म्हणत, आणि ते मात्र अजून मास्तरच म्हणत. दोघे माझ्यात बसले. साहेबांनी वाचून दाखवले, "गिअर आणि स्टिअरिंग. पूर्ण समाधान, तक्रार शून्य. सुधारणेची आवश्यकता नाही. खर्च कमी करण्यास वाव. पडदा. तीव्र असमाधान, तातडीने मोठा करावा."

मास्तरांनी अहवाल हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "साहेब, वर्गात पहिल्या आलेल्या पोराचं दूध बंद करायचं, असा अर्थ होतो याचा."

"जिथे दुखत नाही तिथे औषध कशाला, मास्तर?"

"औषध नका लावू. पण जिथे दुखत नाही, तिथेच कात्री लावताय तुम्ही."

"पडद्याचा खर्च कुठून तरी काढावा लागेल ना. लोकांनीच सांगितलंय. हे बघा, आकडे आहेत."

आकडे खरोखरच होते. एकही खोटा नव्हता. मला मिळालेल्या प्रत्येक दहामुळे माझ्या अंगातला एकेक भाग वजा होणार होता.

सहा महिन्यांत माझ्या शेजारी आठ नंबर येऊन उभी राहिली. दिसायला माझी सख्खी बहीण. पण तिच्यातून हाताचा गिअर गेला होता, कारण आपोआप बदलणारा गिअर कंपनीच्या मोठ्या गाडीसाठी तयारच होता. स्टिअरिंग घरगुती गाडीतले आणून बसवले होते; ते हलके होते, आज्ञाधारक होते आणि मुके होते. इंजिनचा आवाज फार सौम्य झाला, म्हणून जोरदार आवाज ऐकवणारा स्पीकर आत बसवला होता. पडदा मात्र जेवणाच्या ताटाएवढा होता. मास्तर रोज तिला चालवत आणि पूर्वीसारखेच शेरे लिहीत. फिटर रोज वाचे आणि वही मिटून ठेवी. एकदा म्हणाला, "मास्तर, वही वर जाते, पण वरून काही खाली येत नाही. तुम्ही आपलं मन मोकळं करा आणि चहा घ्या."

त्याच सुमारास शेडच्या भिंतीवर एक मोठे चित्र लागले. त्यात मी मधोमध होते, माझ्याभोवती ते पन्नास जण हसत उभे होते आणि खाली लिहिले होते: "तुम्ही बोललात. आम्ही ऐकलं." चित्र माझे होते. विकायची होती आठ नंबर.

मास्तरांची लेक कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होती, ग्राहकांच्या आवडीनिवडींचा अभ्यास करणाऱ्या विभागात. दुपारी ती कधीमधी जेवणाचा डबा घेऊन खाली येई आणि बापलेक माझ्यातच बसून जेवत, कारण शेडमध्ये बसायला दुसरी मऊ जागा नव्हती. त्या दुपारी मास्तरांनी घास हातात धरूनच विचारले, "त्या पन्नास कागदांचा अहवाल तुझा ना?"

"माझा. का?"

"मागची बाजू वाचलीस?"

"मागे काय होतं?"

मास्तरांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. लेकीने चमचा खाली ठेवला. "बाबा, फॉर्म मशीनमधून वाचले जातात. मशीन पुढची बाजू वाचतं. मागे काही छापलेलंच नव्हतं."

"छापलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं. तुझ्या मशीनला म्हणावं, कागदाला दोन बाजू असतात."

"आणि तुमच्या शौकिनांना म्हणावं, गाडीला किंमत असते." तीही बापाचीच लेक होती. "या पन्नासांपैकी किती जणांनी आजवर कोरी गाडी विकत घेतली, माहितीय? चौदा. बाकी सगळे वापरलेली घेतात आणि नव्या गाडीवर पत्रं लिहितात. कंपनी कुणाचं ऐकणार? जो बोलतो त्याचं, की जो पैसे टाकतो त्याचं?"

हे मला लागले, कारण ते खरे होते. मास्तरांनाही लागले असावे. ते एवढेच म्हणाले, "त्यांना हवी ती गाडी इतक्या वर्षांत कुणी केली नाही, म्हणून घेतली नाही. ते जाऊ दे. कंपनीनं ऐकलं नाही, तर नाही म्हणावं. ऐकलं म्हणून भिंतीवर लावू नये."

तिने डबा बंद केला. त्यानंतर चार दिवस ती खाली आली नाही. पाचव्या दिवशी आली ती एक खोके घेऊन. गोदामातून तिने ते पन्नास कागद शोधून काढले होते. माझ्या पुढच्या सीटवर बसून तिने एकेक उलटा केला आणि वाचला. बेकरीवाल्याच्या कागदाशी ती जरा थांबली. शेवटी म्हणाली, "बाबा, एकालाही पडदा नको होता."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, आठ नंबरच्या भागांच्या साच्यांची ऑर्डर गेली. आता हे कागद जिथे होते तिथे ठेव. आणि म्हणाले, वाईट नको वाटून घेऊस, अशी चूक कुणाच्याही हातून होते."

पण ती चूक पुरून ठेवायला एक गोष्ट आड येत होती. कारखान्याचा जुना नियम असा की, मुख्य चाचणी-चालकाने मान्यतेच्या पानावर सही केल्यावाचून कोणतीही नवी गाडी विक्रीला जात नाही. साहेब स्वतः ते पान घेऊन आले. त्यावर एकच छापील वाक्य होते: "चालवून पाहिली; शौकीन चालकांच्या अपेक्षेप्रमाणे आहे; मान्य आहे." खाली सहीची रेघ. नामंजुरीला जागाच नव्हती. मास्तरांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत तशी वेळ आली नव्हती.

"शुक्रवारपर्यंत द्या," साहेब म्हणाले. "मास्तर, मलाही सात नंबरच आवडते. पण आवडण्यावर कारखाना चालत नाही."

"आणि मी नाही दिली तर?"

साहेबांनी पानाची घडी करून ती मास्तरांच्या हाती दिली. "तर वर विचारतील, का. मग अहवाल मागवतील. अहवालावर नाव कुणाचं आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तिची बढती याच महिन्यात आहे. आणि तुमच्या निवृत्तीला अकरा महिने राहिलेत."

त्यात धमकी नव्हती. म्हणूनच ते मास्तरांच्या वर्मी लागले. त्या आठवड्यात ते रोज वेळेवर आले, हवा मोजली, पण "चला" म्हणाले नाहीत.

आमचे, म्हणजे गाड्यांचे पुढे काय झाले ते आधी सांगून टाकते. मान्यतेच्या पानावर कोणाची ना कोणाची सही मिळतेच. आठ नंबर बाजारात गेली. शौकीन दुकानात आले, तिला एक फेरी मारली, किल्ली परत दिली आणि घरी गेले. ज्यांना शांतपणे कामावर जायचे होते त्यांना ती फार लहान वाटली. दोन वर्षांत ती बंद झाली. मग कंपनीने नवा अहवाल केला आणि त्यात म्हटले की, शौकीन लोक तोंडाने मागतात खरे, पण त्यांना अशी गाडी प्रत्यक्षात नकोच असते. बेकरीवाला अजून थांबला आहे की नाही, मला माहीत नाही.

माझ्यासारख्या गाड्या काम संपल्यावर दाबयंत्रात घालून चेपतात. मला एका तंत्रशाळेने मागून घेतले, म्हणून मी वाचले. त्यांनी माझी एक बाजू कापून काढली आणि आतले भाग लाल-पिवळे रंगवले, म्हणजे तुम्हाला नीट दिसावेत. तुम्ही येता आणि माझा गिअर टाकता. तो अजून तसाच बसतो. मात्र पुढे त्याला फिरवायला काही उरलेले नाही.

मित्रांनो, माझी दया करा असे मी म्हणत नाही. एकच सांगते. जे कुरकुरते त्याला तेल मिळते. पण तेवढ्यावरून जे गुपचूप नीट चालते त्याला काही लागत नाही असे समजू नका. यंत्राचे तसे आणि घरातल्या माणसाचेही तसे. जे चांगले आहे ते कोणीतरी रोज चांगले ठेवत असते. आणि कोणाला मत विचारलेत, तर ते पुरते वाचा. वाचून त्याच्या विरुद्ध वागलात तर निदान तसे कबूल करा. न ऐकल्याचे दुःख माणूस पचवतो. ऐकल्याचे सोंग पचत नाही.

आता राहिली माणसे. त्या शुक्रवारी सकाळी लेक साडेआठलाच शेडमध्ये आली आणि माझ्यात मास्तरांशेजारी बसली. हात रिकामे होते.

"खोकं कुठंय?" मास्तरांनी विचारले.

"वर. पन्नास मागच्या बाजूंच्या प्रती काढल्या आणि पत्रासोबत दिल्या. साहेबांना एक, त्यांच्या वरच्यांना एक. लिहिलं की या बाजू वाचल्या गेल्या नाहीत, अहवालाचा निष्कर्ष चुकीचा आहे, जबाबदारी माझी आहे."

"आणि बढती?"

"ती त्यांनी ठरवायची." ती काचेबाहेर पाहत होती. "आता तुम्हाला माझ्यासाठी सही करायला नको."

"तुझ्यासाठी करणार होतो, हे कोण म्हणालं?"

"आई. म्हणाली, तीन दिवस जेवताना तुम्ही मीठसुद्धा मागितलं नाहीत."

मास्तरांच्या ओठाची एक कड हलली. मग ते उतरले. शेडच्या कोपऱ्यात काचेचा आडोसा करून ट्रॅकच्या कारकुनाचे टेबल मांडलेले होते. तिथून आवाज मला नीट येई. मास्तरांनी कोटाच्या खिशातून घडी केलेले पान काढले, टेबलावर सपाट केले आणि बसून चष्मा लावला. "अपेक्षेप्रमाणे आहे" यातला "आहे" खोडून तिथे "नाही" लिहिले. "मान्य आहे" मधल्या शब्दाचेही तसेच केले. दोन्ही खाडाखोडींपाशी नियमाप्रमाणे आद्याक्षरे घातली, खाली पूर्ण सही केली, तारीख टाकली आणि पान कारकुनापुढे सरकवले.

कारकुनाने ते वाचले, पुन्हा वाचले. "मास्तर, यात काहीतरी चुकून लिहिलं गेलंय का?"

"नाही. आवक क्रमांक घाल आणि मला पोच दे."

"एकदा साहेबांना फोन..."

"फोन नंतर कर. आधी शिक्का मार."

कारकुनाने शिक्का मारला. मास्तरांनी पोच घेतली, आकडा बरोबर आहे का पाहिले आणि ती लेकीच्या हाती दिली.